वरची रेंज

नेपाळच्या डोंगरात कुठल्या कंपनीचा डेटा कुठपर्यंत चालतो, ते मला आजही तोंडपाठ आहे. पोखऱ्यात कुठलं सिम घ्यावं, बेनीच्या पुढे कुठलं मान टाकतं, कुठपर्यंत चेहरा दिसतो आणि जोमसोमला कशावर नुसता आवाज येतो, हे कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मध्यंतरी ऑफिसातल्या एकीने विचारलंच. तिच्या सासूसासऱ्यांना मुक्तिनाथला जायचं होतं आणि मी जाऊन आलेय, हे तिने कुठूनतरी ऐकलेलं. मी तिला सगळं नीट सांगितलं. ती म्हणाली, "किती अभ्यास केलाय हो तुम्ही!" मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन कामाला लागले.

माझं काम जळगावला, एका पाइपच्या कारखान्यात, डिस्पॅचला. माल भरलेला ट्रक गेटबाहेर पडला की तो पोचेपर्यंत मी त्याच्या मागे. दिवसभर एकच वाक्य, "भाऊ, कुठपर्यंत पोचलात?" कन्नडच्या घाटात कुठल्या वळणावर फोन तुटतो आणि कुठे परत लागतो, हे मला पाठ. "मॅडम, रेंज नव्हती," असं कोणी म्हणालं की मी त्याला म्हणते, नरडाण्याच्या फाट्यावर रेंज कधीपासून नसते, ढाब्यावर झोपला होतात असं म्हणा ना सरळ. रेंज या विषयात मला कोणी शहाणपण शिकवू नये, असा माझा तोरा होता. डोंगरात जायचं ठरलं तेव्हा तो तोरा घेऊनच मी कामाला लागले.

आईवडील भडगावला राहायचे. मी एकुलती. वडिलांना मी नाना म्हणायचे. ते एसटीत कंडक्टर होते आणि आवाज असा, की स्टँडवर त्यांनी "चाळीसगाऽव" म्हणून हाक दिली की चहाच्या टपरीवरची माणसं अर्धा कप टाकून पळत यायची. निवृत्त झाल्यावर एका सकाळी अंघोळीहून उठताना ते पडले. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घशातून एक चिरका आवाज तेवढा निघायचा. तो निघाला की त्यांची त्यांनाच लाज वाटायची, म्हणून पुढे तोही काढेनासे झाले. समजायचं मात्र सगळं. त्यांचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा आणि विचारायचं. हो असेल तर ते हात दाबायचे, नाही असेल तर सोडून द्यायचे. चहा देऊ? दाबला. पंखा लावू? सोडला. आपण विचारू तेवढंच त्यांचं बोलणं. त्यांच्या मनात काही विचारायचं असलं तर त्याला वाटच नव्हती. पण माणूस वाचला यातच आम्ही इतके खूश होतो, की त्या हाताचं आम्ही कौतुकच करायचो.

त्या आजारपणातच माझे काका सुरतेला वारले. आजारी माणसाला मरण सांगायचं नसतं, हा आमच्याकडचा कायदा. का म्हणून कोणी विचारत नाही, सगळे पाळतात. आम्हीही पाळला. काका कामासाठी बाहेरगावी गेलेत, येतील, असं आईने सांगितलं, मी सांगितलं, फुईने सांगितलं. फुई म्हणजे आत्या, नानांची मोठी बहीण. पुढे गावचा कोणीतरी भेटायला आला आणि नानांच्या खाटेशी बसून म्हणाला, "वाईट झालं हो नाना, पाठचा भाऊ गेला." नानांनी भिंतीकडे तोंड केलं. कितीतरी दिवस त्यांनी आमच्यापैकी कोणाच्या हातात हात दिला नाही. त्यानंतर कोणी त्यांना बरी बातमी सांगितली की ते सांगणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे. बहुतेक वेळा त्यांचा विश्वास बसलेला नसायचा.

नाना दवाखान्यात अत्यवस्थ होते तेव्हा आईने मुक्तिनाथाला नवस बोलला होता. भडगावचे लोक टोळीने तिथे जातात. तिथल्या धारांखाली न्हाऊन यायचं आणि कुंडाचं पाणी आणायचं. मी तिला म्हटलं, अगं, आपली गिरणा आहे, तिचं पाणी लाव कपाळाला, देव काय पत्ता बघतो का? ती म्हणाली, "मी देवले शब्द देयेल शे. त्याने त्याना पाळा, आते मना पाळाना शे." देवाने त्याचा शब्द पाळला, आता माझा पाळायचाय. या हिशेबापुढे मी काय बोलणार?

नानांना विचारलं. आईने त्यांचा हात घेतला आणि म्हणाली, "जाऊ का?" त्यांनी बराच वेळ काहीच केलं नाही. मग दाबला. मग आईने विचारलं, "रोज संध्याकाळी फोनमध्ये मनं तोंड दखाडसू, चालई ना?" रोज फोनमध्ये माझं तोंड दाखवीन, चालेल ना? आणि त्यांनी असा काही हात दाबला की तिच्या बांगडीचा वळ उमटला.

म्हणजे सगळं त्या रोजच्या तोंड दाखवण्यावर होतं. साध्या फोनचा उपयोग नव्हता. नुसता आवाज ऐकला की नाना कासावीस व्हायचे. उत्तर देता येत नाही आणि समोर माणूस दिसत नाही, त्यांना ते सोसायचंच नाही. चेहरा दिसला की शांत व्हायचे. फुईने फोन त्यांच्यासमोर धरायचा, आईने बोलायचं, नानांनी बघायचं. आई परदेशात, बिनओळखीच्या डोंगरात, आणि तिच्या चेहऱ्याची जबाबदारी माझी.

मी त्या कामाला अशी भिडले, की डिस्पॅचचे ट्रक दोनचार तरी माझ्याविना आपोआप पोचले असतील. आपलंच सिम रोमिंगवर न्यावं, तर त्याचा डेटा तळहातावरच्या पाण्यासारखा संपतो, आणि डोंगरात कुठल्या टॉवरला लटकेल याचा नेम नाही. फोनच्या आत बसणारं बिनकार्डाचं सिम घ्यावं, तर माझ्या फोनला चालत होतं, आईच्या नाही. आणि ते विकणाऱ्यांच्या जाहिरातीत एक गोरी बाई बर्फात उभी राहून हसत होती. तिच्यामागे वस्ती नव्हती, टॉवर नव्हता, ती कोणाशी बोलत होती कोण जाणे. राहिलं तिथलं सिम. तिथे मुख्य कंपन्या दोन, एक सरकारी आणि एक खाजगी. जाऊन आलेले लोक सांगायचे, खाजगी शहरात पळते, सरकारी डोंगर चढते. दुसरे सांगायचे, नेमकं उलटं. बसस्टँडजवळचा मोबाइलवाला म्हणाला, "ताई, अनलिमिटेड घ्या, टेन्शन संपलं." मी विचारलं, कुठे अनलिमिटेड? तो म्हणाला, "सगळीकडे." मी म्हटलं, दादा, तुमच्या दुकानाच्या तळघरात तरी चालतं का? तो हसला. मलाही हसू आलं. शेवटी ठरवलं, दोन्ही कंपन्यांची सिमं घ्यायची, एक तिच्या फोनमध्ये, एक माझ्या, आणि तिच्याबरोबर मीच जायचं.

फुई शिंदखेड्याकडची, एकटीच असते. ती भडगावला येऊन राहिली. तिला फोन शिकवणं हा एक वेगळाच तमाशा झाला. हिरवं बटन सरकवायचं, एवढंच. पण व्हिडिओ लागला की ती फोन कानाला लावायची आणि आम्हाला तिच्या कानातली कुडी दिसायची. "फुई, कानाला नको, समोर धर." "मंग आयकू कसं येवाव?" तिचंही बरोबर. आईने स्वयंपाकघरातून फोन लावायचा आणि फुईने ओसरीत नानांसमोर धरायचा, अशी आमची तालीम चालली. पहिल्या दिवशी नानांना नुसता पंखा दिसला. मग अर्धी आई दिसली. मग पूर्ण आई दिसली आणि नानांच्या डाव्या गालावर हसू आलं. उजव्यावर येत नसे. आई आतल्या खोलीतून म्हणाली, "दखाई राह्यनू ना?" दिसतेय ना? आणि पलीकडे, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, त्यांनी फुईचा हात दाबला.

नवरात्र संपल्यावर निघालो. भुसावळहून गोरखपूर, तिथून बसने सरहद्द. टोळीत बहुतेक आमच्याच भागातली शेतकरी मंडळी, बरोबर स्वयंपाकी आणि भाकरीचं पीठ. सरहद्दीच्या पलीकडे पाय ठेवताच मी आधी सिमचं दुकान गाठलं. बाकीच्या बाया रुद्राक्ष बघत होत्या. टोळीचे म्होरके आबा म्हणाले, "ताई देवासाठी आली का टॉवरसाठी?" मी म्हटलं, आबा, माझा देव टॉवरवर बसलाय. सगळी बस हसली.

पोखऱ्यापर्यंत सगळं माझ्या हुशारीप्रमाणे चाललं. रोज संध्याकाळी आई केस विंचरून, कुंकू ठीक करून फोनसमोर बसायची. दोन्ही सिमांवर चेहरा स्वच्छ. नाना बघायचे, फुई मधूनमधून पंखा दाखवायची. आई त्यांना तळं दाखवायची, बर्फाचा डोंगर दाखवायची. डोंगर आला की ते डोळे बारीक करून वैतागायचे. त्यांना डोंगर नको होता, आई हवी होती. आई हे ओळखून लाजायची आणि फोन परत स्वतःकडे वळवायची. सत्तरीला टेकलेली बाई अशी लाजते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पोखऱ्याच्या पुढे जीप. बेनी गेलं तसा एक फोन मेला, दुसरा लंगडत चालला. व्हिडिओ लागायचा आणि आईचा चेहरा चौकोन चौकोन होऊन थिजायचा. नाना घाबरतील म्हणून मी नवी युक्ती काढली. आईचं बोलणं फोनमध्ये टिपायचं आणि पाठवून द्यायचं. रेंज मिळेल तेव्हा ते सावकाश पोचतं. आई त्यात म्हणायची, "मी बरी शे. तुम्ही जेवी ल्या. मी येस." मी बरी आहे, तुम्ही जेवून घ्या, मी येते. फुई तेच पुन्हा पुन्हा लावून दाखवायची. नाना पुन्हा पुन्हा बघायचे. मला माझ्या डोक्याचा अभिमान वाटला होता, हे लिहितानासुद्धा हात जड होतोय.

जोमसोमला पोचलो तेव्हा डेटा पार गेला होता, साधा फोन तेवढा लागत होता. तिथे सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. जीपवाला म्हणायचा, "कल ऊपर." हॉटेलवाली म्हणायची, ऊपर थंडी आहे. आबा म्हणायचे, वर लवकर निघू. मुक्तिनाथ आणखी चढावर, म्हणून ते "वर". दुसरा शब्दच नव्हता. मी फुईला फोन केला. आज चेहरा दिसणार नाही, उद्या आम्ही वर जातोय, वर फोन लागणार नाही, खाली आलो की लावू, नानांना नीट सांग. फुई म्हणाली, "सांगस ना. तू काळजी करू नको."

दर्शन झालं. गोमुखांच्या त्या बर्फासारख्या धारांखालून आई धावत गेली, ओल्या लुगड्यात हात जोडून उभी राहिली, आणि मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. बाटलीत पाणी भरलं. आणि त्याच दुपारी ढग उतरले. अवकाळी पाऊस लागला तो थांबेना. खालच्या रस्त्यावर दरड आली, पूल खचला, वीज गेली आणि विजेमागे टॉवर गेले. सरकारी गेला, खाजगी गेला. साधा फोनही गेला. हॉटेलचं वायफाय म्हणजे भिंतीला टांगलेला नुसता डबा. माझ्या दोन्ही सिमांमध्ये भरपूर डेटा शिल्लक होता. त्याचं काय करायचं होतं? मी त्या गावात फोन हातात धरून, वर उंचावर, खाली ओढ्याकडे, देवळाच्या पायऱ्यांवर हिंडत राहिले. नऊवारी नेसलेल्या बाया खोल्यांत भजनं म्हणत होत्या. आई संध्याकाळ झाली की केस विंचरायची, कुंकू ठीक करायची आणि मेलेल्या फोनसमोर बसायची. मी चिडून म्हणायचे, कशाला बसतेस? ती म्हणायची, "ते तठे बसेल व्हतीन ना." तिथे ते बसलेले असतील ना. आबांनी विचारपूस केली, खिचडी पाठवली, पण रस्ता होईपर्यंत कोणाच्याच हातात काही नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी वाट मोकळी झाली. अर्धं चालत, अर्धं जीपने आम्ही खाली आलो आणि बेनीच्या अलीकडे एका वळणावर माझा फोन थरथरला. मी जीप थांबवली. सगळ्यांना खाली उतरवलं. व्हिडिओ लावला. पहिल्याच फटक्यात लागला, चेहरा स्वच्छ. समोर फुई, मग पंखा, मग नाना.

मी त्यांना ओळखलं नाही. दाढी वाढलेली, पांढरी खुंटं गालभर, डोळे खोल. ते जमिनीवर चटईवर होते. आई म्हणाली, "आयका ना, मी शे. दखा, मी शे." नानांनी फोनकडे बघितलं. मग त्यांनी डावा हात हळूहळू उचलला, कपाळाला टेकवला आणि तसाच धरला. देवाच्या तसबिरीला करतात तसा नमस्कार केला, भिंतीवरच्या फोटोला करतात तसा. आणि डोळे मिटले.

फुई बोलत सुटली, इतक्या दिवसांचं तिचं साचलेलं. "काय सांगू बाई, भलता जिद्दी व्हई गया. न्हावीले हात लावू देत नही. खाटवरथीन खाले उतरी जास, कालदिन पडना बी. फोडणीनी दाय ढकली देस. शिरा कया, तोंड फिराई लिधं." न्हाव्याला हात लावू देत नाही, खाटेवरून खाली उतरतो, काल पडलाही, फोडणीची डाळ ढकलून देतो, शिरा केला तर तोंड फिरवलं.

मी म्हटलं, अगं, आजारी माणूस चिडचिडा होतोच. आईने माझ्या हातातून फोन घेतला. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "अक्का, मी वर गयी तवय तुम्ही त्यासले काय सांगं?"

"काय सांगू? पोर बोलनी तेच सांगं. म्हतं, ती वर गई, आते तठे फोन लागाव नही."

ती वर गेली. आता तिथे फोन लागणार नाही.

दाढी करायची नाही, खाटेवर झोपायचं नाही, फोडणीचं खायचं नाही, गोड खायचं नाही. आमच्याकडे एक लहान मूलसुद्धा सांगेल हे काय असतं. धड हलता येत नसलेला माणूस, एका हाताने, जेवढं पाळता येईल तेवढं आपल्या बायकोचं सुतक पाळत होता. आणि घरात बसून फुई त्याला रोज, तो थोडा शांत व्हावा म्हणून, तिची जुनी टिपलेली छबी दाखवत होती. मी बरी शे. तुम्ही जेवी ल्या. मी येस.

फुईला आता कळलं आणि ती रडायला लागली. मी ओरडले, फुई, रडू नको, त्यांच्यासमोर रडू नको! पण ती रडतच फोन घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, अरे, ती जित्ती शे, देवले गयथी, डोंगरवर. नानांनी डोळे उघडून बहिणीच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. ओले डोळे, थरथरता आवाज, आणि सांगतेय की सगळं बरं आहे. काकांच्या वेळेला तिने असंच सांगितलं होतं. आई फोनमधून ओरडत होती, "त्यास्ना हात धरा! विचारा त्यासले, मी शे का नही!" फुईने हात धरला. नानांनी सोडून दिला.

त्या वळणावर आम्ही किती वेळ होतो कोण जाणे. आई त्यांना सांगत होती, आज कोणता वार, काय खाल्लं, जीपचा रंग कोणता, जे टिपून ठेवलेल्या छबीत असूच शकत नाही असं सगळं. चेहरा स्वच्छ जात होता. आवाज स्वच्छ जात होता. माझ्या निवडीत काडीची चूक नव्हती. नानांनी पुन्हा डोळे उघडले नाहीत.

परतीच्या वाटेत मी तासातासाला फोन लावला. कधी शेजारच्या काकूंना बोलावलं, कधी डॉक्टरांना घरी पाठवलं. जो जो त्यांना समजवायला जाई, तो तो त्यांना खोटा वाटत असणार. इतके लोक मुद्दाम येऊन सांगतायत म्हणजे नक्कीच खोटं. आईला मी म्हटलं, घरी पोचलो की संपलं, तुला समोर बघतील, तुझा हात धरतील. ती गाडीच्या खिडकीशी बसून होती, मांडीवर कुंडाच्या पाण्याची बाटली. इटारसीच्या पुढे फुईचा फोन आला. दुसरा झटका आला होता. डोळे उघडे आहेत, पण कोणाकडे बघत नाहीत.

भडगावला उतरलो तेव्हा आई चप्पल न काढता आत गेली. नाना चटईवर होते. तिने त्यांचा डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावरून फिरवला, कपाळावरून, नाकावरून, गळ्यातल्या मण्यांवरून. "मी शे. हात लावी दखा. मी शे." हात तिने सोडला तसा खाली पडला. ती पुन्हा उचलायची, पुन्हा फिरवायची. मी दारात उभी राहून बघत होते. मला तिला थांबवावंसं वाटत होतं आणि तिच्या जागी जाऊन बसावंसं वाटत होतं. यातलं एकही मी केलं नाही.

मग ती उठली आणि कामाला लागली. मला आणि फुईला हाताशी धरून तिने नानांना खाटेवर घेतलं. न्हाव्याला निरोप धाडला. तो आला, नानांची अवस्था बघून कचरला, म्हणाला, वहिनी, राहू द्या आता. आई म्हणाली, "करा दाढी. मी जित्ती शे." त्याने वस्तरा बाजूला ठेवून साध्या ब्लेडने, खूप जपून, दाढी केली. तोवर आई चुलीशी होती. तिने लसणाची खमंग फोडणी दिली, इतकी की शेजारी खोकले. कढईच ती ओसरीत घेऊन आली आणि नानांच्या नाकाशी धरून बसली. डोळे छताकडे होते. आईने बाटलीतलं कुंडाचं पाणी चमच्याने ओठांना लावलं. ते गालावरून उशीत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. हात तिच्या हातात होता. शेवटी दाबला का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, नाही.

संध्याकाळी बाया जमल्या. आमच्या गल्लीत अजून ते सगळं करतात. बांगड्या वाढवायच्या, कुंकू पुसायचं. जाणत्या दोघीतिघी आईजवळ येऊन बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. एकीने पदराचं टोक ओलं करून तिच्या कपाळाकडे नेलं. मी पुढे झाले, त्यांना थांबवायला. पण आईनेच तो हात मनगटाशी धरला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सवाष्णपणी मरण यावं म्हणून वटपौर्णिमेला हात जोडणारी माझी आई. ती त्या बाईकडे बघत, समजावून सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"त्यास्ना लेखे मी तवयच मरी गयी. मरेल बाईनं कुकू कोन पुसस?"

त्या बाईने पदर खाली घेतला. फुई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, ती उठून बाहेर गेली.